विन, प्लेस, टनाला, जॅकपॉट : पैजेचे प्रकार आणि त्यांचा हिशेब

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने मला लिहून विचारले आहे की, येत्या इंडियन डर्बीला तो कचेरीतील मित्रांबरोबर प्रथमच महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणार आहे. विन, प्लेस, क्विनेला, टनाला, ट्रेबल, जॅकपॉट हे शब्द त्याने ऐकले आहेत, परंतु त्यांतला फरक त्याला कोणी नीट सांगितलेला नाही. मोबाइलवर क्रिकेट आणि फुटबॉलच्या पैजांच्या जाहिरातींत जे प्रकार दिसतात ते याहून वेगळे आहेत का, आणि नवशिक्याने कोणत्या प्रकारापासून सुरुवात करावी, असेही त्याने विचारले आहे. मी २६ वर्षे टोटच्या, म्हणजे रेसकोर्सच्या स्वतःच्या पैज-खिडक्यांच्या, हिशेबाच्या बाजूने काम केले. खिडकीच्या आतून मी जे पाहिले त्याच्या आधाराने हे उत्तर लिहीत आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. पैजेचे प्रकार पाठ करणे अजिबात कठीण नाही. रेसकार्डाच्या, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींच्या छापील पुस्तिकेच्या, पानावर ते नियमांसह छापलेले असतात. कठीण आहे ते प्रत्येक प्रकारात आपल्या शंभर रुपयांचे काय होते हे समजणे. म्हणून कोणताही प्रकार समोर आला की दोनच गोष्टी पाहाव्यात : नेमके काय घडले तर पैसे मिळणार, आणि ते वाटण्याआधी मधून किती कापले जाणार. पहिली गोष्ट बहुतेकांना पाच मिनिटांत कळते. दुसरी गोष्ट वीस वर्षे रेस खेळणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसते, हे मी खिडकीवर रोज पाहिले आहे.

रेसकोर्सवर पैसे लावण्याचे दोन मार्ग आहेत. एक बुकमेकरचा, म्हणजे रिंगमध्ये फळा लावून उभ्या असलेल्या परवानाधारक बुकीचा, आणि दुसरा टोटचा. बुकीकडे तुम्ही ज्या क्षणी पैसे लावता त्या क्षणाचा भाव तुमचा ठरतो. नंतर तो चढो वा तुटो, तुमच्या पैजेवर परिणाम होत नाही. टोटमध्ये असा ठरलेला भाव नसतो. तेथे सर्वांचे पैसे एका पूलमध्ये जमा होतात, त्यातून क्लबचा वाटा आणि कर वजा होतो, आणि उरलेली रक्कम अचूक तिकीट असणाऱ्यांत त्यांच्या पैशांच्या प्रमाणात वाटली जाते. ही पद्धत १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने सुरू केली. तिचा हिशेब करणारे स्वयंचलित यंत्र जॉर्ज ज्यूलियस या अभियंत्याने तयार केले आणि १९१३ मध्ये ते न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील एलर्सली रेसकोर्सवर प्रथम बसवले गेले. आज यंत्राच्या जागी संगणक आला आहे, परंतु आतला भागाकार तोच आहे.

बुकीचा फळा कसा वाचावा ते आधी पाहू. समजा, एका रेसमध्ये सात घोडे आहेत आणि त्यांचे भाव अनुक्रमे दोनास एक, तिनास एक, चारास एक, पाचास एक, आठास एक, दहास एक आणि पंधरास एक असे आहेत. दोनास एक याचा अर्थ, शंभर लावले आणि घोडा जिंकला तर दोनशे नफा आणि आपले शंभर परत, म्हणजे हातात तीनशे. या भावाचा दुसरा अर्थ असा की, हा घोडा तीनपैकी एकदा, म्हणजे ३३.३३ टक्के वेळा जिंकेल, असे गृहीत धरून भाव बांधला आहे. त्याच रीतीने तिनास एक म्हणजे २५ टक्के, चारास एक म्हणजे २०, पाचास एक म्हणजे १६.६७, आठास एक म्हणजे ११.११, दहास एक म्हणजे ९.०९ आणि पंधरास एक म्हणजे ६.२५. आता ही सातही टक्केवारी एकाखाली एक लिहून बेरीज करा. उत्तर १२१.४५ येते. एका रेसमध्ये एकच घोडा जिंकणार असल्याने सर्व शक्यतांची खरी बेरीज १०० च असायला हवी. वरचे २१.४५ हा बुकीचा वाव आहे : प्रत्येक घोड्यावर भावाच्या प्रमाणात पैसे आले, तर तो १२१.४५ रुपये गोळा करतो आणि कोणताही घोडा जिंकला तरी १०० रुपये देतो. जमा रकमेच्या हिशेबाने हा साडेसतरा टक्क्यांहून थोडा अधिक भाग झाला. यात फसवणूक काहीच नाही; तो त्याचा धंदा आहे आणि फळ्यावर उघड लिहिलेला आहे. मात्र ही बेरीज करणारा माणूस मला क्वचितच भेटला. माझी आग्रहाची विनंती आहे की, पहिल्या दिवशी एकही पैसा न लावता निदान एका रेसची ही बेरीज कागदावर करून पाहावी.

टोटचा हिशेब वेगळ्या दिशेने चालतो. समजा, विनच्या पूलमध्ये एकूण ४,००,००० रुपये जमले आणि वजावट, केवळ उदाहरणाच्या सोयीसाठी, २० टक्के धरली. वाटायला ३,२०,००० रुपये उरले. जिंकलेल्या घोड्यावर लोकांनी ८०,००० रुपये लावले होते. ३,२०,००० ला ८०,००० ने भागले की ४ येतात, म्हणजे दहा रुपयांच्या तिकिटाचा डिव्हिडंड, अर्थात हातात येणारी रक्कम, ४० रुपये. येथे नवशिक्याची हमखास चूक होते. टोटच्या डिव्हिडंडमध्ये तुमचे मूळ दहा रुपये समाविष्ट असतात, तर बुकीच्या भावात ते नसतात. म्हणून टोटचे ४० रुपये म्हणजे बुकीच्या भाषेत तिनास एक. चारास एक नव्हे. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून कुठे अधिक मिळते हे पाहणाऱ्याने ही एक पायरी विसरली, तर त्याची सगळी तुलना चुकते.

दुसरी गोष्ट शेवटच्या दोन मिनिटांची. टोटच्या पडद्यावर दिसणारा आकडा त्या क्षणाचा असतो. तुम्हाला मिळणारा आकडा खिडक्या बंद झाल्यानंतरचा असतो. वरच्याच उदाहरणात, तुम्ही तिकीट घेतल्यानंतर कोणी त्याच घोड्यावर आणखी ८०,००० रुपये लावले, तर पूल ४,८०,००० चा होतो, वजावटीनंतर ३,८४,००० उरतात, आणि त्यांना १,६०,००० ने भागले की डिव्हिडंड २४ रुपयांवर येतो. घोडा तोच, तुमचा अंदाज तोच, आणि चाळीसचे चोवीस झाले. घोडे गेटमध्ये शिरत असताना पडद्यावरचे आकडे भराभर खाली येताना पाहून अनेक जण खिडकीवर येऊन भांडत असत. त्यांना मी हाच भागाकार पावतीच्या पाठीवर करून दाखवीत असे. फार मोठी रक्कम कोणी एकाच घोड्यावर टाकली, तर तो स्वतःच्याच पैशाने स्वतःचा डिव्हिडंड खाली आणतो, हेही त्यातूनच दिसते.

आता प्रकारांकडे वळू. विन म्हणजे तुमचा घोडा पहिला आला तरच पैसे. याहून सोपा आणि याहून प्रामाणिक प्रकार नाही, कारण यात तुमच्या एकाच मताची परीक्षा होते. प्लेस म्हणजे घोडा पहिल्या काही क्रमांकांत आला तरी पैसे. किती क्रमांक धरायचे हे धावणाऱ्या घोड्यांच्या संख्येवर ठरते. साधारणतः पाच ते सात घोडे असतील तर पहिले दोन, आठ किंवा अधिक असतील तर पहिले तीन, आणि घोडे फारच कमी असतील तर प्लेसचा पूलच नसतो. त्या दिवसाचा नियम कार्डात छापलेला असतो आणि तो वाचूनच खिडकीवर जावे. आयत्या वेळी एखादा घोडा मागे घेतला गेला की आठाचे सात होतात आणि तिसऱ्या क्रमांकाचे पैसे गेले, असेही घडते.

प्लेसविषयी एक समजूत अशी आहे की तो सुरक्षित प्रकार आहे. ही समजूत हिशेबावर टिकत नाही. समजा, प्लेसच्या पूलमध्ये ३,००,००० रुपये होते आणि वजावटीनंतर २,४०,००० उरले. ढोबळमानाने ते तीन घोड्यांत समान वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८०,००० येतात. फेव्हरिटवर, म्हणजे लोकांनी सर्वांत जास्त पसंती दिलेल्या घोड्यावर, ६०,००० रुपये लागलेले असतील, तर दहा रुपयांना तेरा रुपये आणि काही पैसे मिळतात. ज्या घोड्यावर १५,००० च होते त्याला दहाचे त्रेपन्न. म्हणजे फेव्हरिटच्या प्लेसवर तीन रुपये मिळवण्यासाठी दहा रुपये पणाला लागतात, आणि तो चारपैकी एकदा जरी पहिल्या तिघांत आला नाही, तरी तीन वेळांची सगळी कमाई एका वेळेत जाते. हरण्याची वारंवारता कमी होते, वजावट तेवढीच राहते. वारंवार थोडेथोडे हातात येत राहिल्याने आपण जिंकत आहोत असे वाटते, आणि हे वाटणे मला नेहमीच धोक्याचे वाटले आहे. ज्याला प्लेस खेळायचाच आहे, त्याने फेव्हरिट सोडून, नियमितपणे दुसरा-तिसरा येणारा परंतु लोकांच्या नजरेत न भरलेला घोडा शोधावा.

आपल्याकडे एस.एच.पी. नावाचा एक पूल असतो. त्यात तुमचा घोडा नेमका दुसरा यावा लागतो. पहिला आला तरी पैसे मिळत नाहीत. टी.एच.पी. त्याच धर्तीवर नेमक्या तिसऱ्या क्रमांकासाठी. प्लेस समजून एस.एच.पी.चे तिकीट घेतलेले आणि घोडा जिंकल्यावर आनंदाने खिडकीवर आलेले लोक मी पाहिले आहेत. एका वयस्कर गृहस्थांना ते तिकीट परत देताना मला झालेले दुःख अजून आठवते, कारण त्यांचा अंदाज खरा ठरला होता आणि प्रकार चुकला होता. म्हणून खिडकीवर बोलण्याचा क्रम पक्का करावा : रेसचा क्रमांक, पूलचे नाव, घोड्याचा क्रमांक, रक्कम. ‘तिसरी रेस, विन, पाच नंबर, शंभर रुपये,’ एवढे स्पष्ट बोलावे आणि तिकीट हातात आल्यावर खिडकी सोडण्यापूर्वी ते वाचावे. घोड्याचे नाव सांगू नये, क्रमांकच सांगावा. गर्दीत नावे चुकीची ऐकू येतात. आणखी एक : घोड्याचा कार्डातील क्रमांक आणि त्याचा गेटमधील क्रमांक, म्हणजे ड्रॉ, हे दोन वेगळे आकडे आहेत. तिकीट कार्डातील क्रमांकावर निघते.

क्रमाच्या पैजा म्हणजे फोरकास्ट, क्विनेला आणि टनाला. फोरकास्टमध्ये पहिला आणि दुसरा घोडा नेमक्या क्रमाने सांगायचा. क्विनेलात तेच दोन घोडे, पण क्रम कोणताही चालतो. टनालात पहिले तीन नेमक्या क्रमाने. आठ घोड्यांच्या रेसमध्ये फोरकास्टच्या ५६ जोड्या होतात, क्विनेलाच्या २८, आणि टनालाचे ३३६ क्रम. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे टनालाचे डिव्हिडंड एवढे मोठे का दिसतात हे समजते. येथे बहुतेक जण बॉक्स करतात, म्हणजे निवडलेल्या घोड्यांचे सर्व क्रम एकदम घेतात. चार घोड्यांच्या टनाला बॉक्सचे २४ क्रम, पाच घोड्यांच्या बॉक्सचे ६०. दहा रुपयांच्या दराने पाच घोड्यांचा बॉक्स ६०० रुपयांचा झाला, आणि लागले तर त्यातले एकच तिकीट लागणार, उरलेली ५९ वाया जाणार. डिव्हिडंड ५०० रुपये निघाला, तर अचूक अंदाज येऊनही शंभर रुपयांचे नुकसान. फेव्हरिट पहिला, दुसरा फेव्हरिट दुसरा, असा सरळ निकाल लागला की हे हमखास घडते. बॉक्स करण्यापूर्वी आपले किती क्रम होतात आणि किती डिव्हिडंडला पैसे सुटतात, हे मोजल्याशिवाय तो घेऊ नये. एका घोड्याविषयी ठाम मत असेल, तर त्याला पहिल्या जागी बांधून बाकीचे तीन घोडे दुसऱ्या-तिसऱ्या जागी फिरवावेत. क्रम सहाच होतात आणि आपल्या मताला अर्थ राहतो. नवशिक्याला या तिघांपैकी एक करून पाहायचाच असेल, तर क्विनेला करावा.

ट्रेबलमध्ये ठरवून दिलेल्या तीन रेसचे विजेते सांगायचे, जॅकपॉटमध्ये पाच रेसचे. जॅकपॉटचे गणित भीतिदायक आहे. त्या पाच रेसमध्ये अनुक्रमे १०, ८, ९, १२ आणि ७ घोडे असतील, तर एकूण ६०,४८० संयोग होतात. लोक म्हणून काही रेसमध्ये एक, काहींत दोन किंवा तीन घोडे घेतात; २, १, ३, २, २ असे घेतले तर २४ संयोग. ज्या रेसमध्ये एकच घोडा घेतला त्याला बँकर म्हणतात, आणि तो पडला की सगळे तिकीट पडते. आपल्याकडे जॅकपॉटच्या पूलचे दोन भाग असतात : ७० टक्के रक्कम पाचही विजेते सांगणाऱ्यांना, ३० टक्के एक विजेता चुकलेल्यांना. निकालात सत्तर टक्के आणि तीस टक्के असे दोन डिव्हिडंड छापलेले दिसतात ते यामुळे.

जॅकपॉटविषयी एक गोष्ट त्याच्या बाजूनेही सांगितली पाहिजे, कारण ती बरोबर आहे. पाच रेसच्या या पैजेत वजावट एकदाच होते. तेच पैसे तुम्ही विनमध्ये लावून जिंकलेली सर्व रक्कम पुढच्या रेसला, पुन्हा पुढच्या रेसला, अशी पाच वेळा फिरवली, तर २० टक्के वजावट पाच वेळा लागते आणि सरासरीने शंभराचे तेहतीसच्याही खाली येतात. त्यामुळे केवळ वजावटीच्या दृष्टीने, जॅकपॉटची टक्केवारी विनपेक्षा काहीशी जास्त असली, तरी पैसे फिरवत नेण्यापेक्षा तो बरा ठरतो. अडचण वेगळी आहे : तो इतक्या क्वचित लागतो की सामान्य पगारदाराच्या खिशाला मधला कोरडा काळ सोसत नाही. मी वर्षानुवर्षे दर आठवड्याला जॅकपॉट भरणारी माणसे ओळखत होतो. त्यांना तीस टक्क्यांचा डिव्हिडंड अधूनमधून मिळे. भरलेल्या रकमेची वही मात्र त्यांपैकी कोणी ठेवली नव्हती.

कोणत्याही प्रकारात अगदी वरच्या भावाच्या घोड्यांकडे नवशिक्याचा हात आपोआप जातो. दहा रुपयांत पाचशे हे आकर्षण समजण्यासारखे आहे. परंतु असे घोडे त्यांच्या भावाने सुचवलेल्या प्रमाणापेक्षाही कमी वेळा जिंकतात आणि फेव्हरिट तुलनेने किंचित स्वस्तात मिळतात, ही गोष्ट ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये रेसच्या निकालांवरून मांडली, आणि त्यानंतर अनेक देशांतील निकालांत ती पुन्हापुन्हा दिसली. याचा अर्थ फेव्हरिटवर डोळे मिटून लावल्यास फायदा होतो असा मुळीच नाही. तोटा दोन्हीकडे आहे. वरच्या भावात तो जास्त आहे, एवढेच.

आता क्रिकेट आणि फुटबॉलविषयी. प्रकारांची नावे वेगळी असली, तरी सांगाडा ओळखीचा आहे. सामना कोण जिंकणार ही पैज म्हणजे विन. कसोटीत आणि फुटबॉलमध्ये अनिर्णित हा तिसरा पर्याय धरला जातो, हे मात्र विसरू नये. ओव्हर-अंडर म्हणजे एकूण धावा किंवा गोल ठरावीक आकड्याच्या वर जातील की खाली राहतील. फुटबॉलमधील हँडिकॅप हा शब्द तर रेसमधूनच समजून घ्यावा : महालक्ष्मीला चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देऊन सर्वांना समान संधी देण्याचा प्रयत्न होतो, तसे फुटबॉलमध्ये दुबळ्या संघाला कागदावर एक किंवा दीड गोल आधीच दिला जातो. अॅक्युम्युलेटर म्हणजे अनेक सामन्यांचे निकाल एका तिकिटात बांधणे. तो ट्रेबलसारखा दिसतो, पण येथे पूल नसून बुकीचे ठरलेले भाव एकमेकांत गुणले जातात, आणि भावाबरोबर बुकीचा वावही गुणला जातो. एका सामन्यावर पाच टक्के वाव असेल, तर चार सामन्यांच्या तिकिटात सरासरी परतावा शंभरास साडेएक्याऐंशीच्या आसपास येतो. जाहिरातींत हाच प्रकार सर्वांत ठळक का असतो, ते यावरून कळावे. या पैजांचे भाव दशांशात लिहितात, १.९० म्हणजे शंभराचे मूळ रकमेसह एकशे नव्वद. दोन्ही बाजूंना १.९० असेल, तर शक्यतांची बेरीज १०५.२६ होते. फळ्यावर केलेली बेरीज येथेही तशीच करता येते.

परंतु हे प्रकार समजावून सांगणे म्हणजे ते खेळण्याचा सल्ला नव्हे. ब्रिटनमध्ये परवानाधारक बुकीकडे फुटबॉलवर पैज लावणे कायदेशीर आहे आणि तेथे राहणाऱ्या मराठी माणसाचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रात क्रिकेटवर पैसे लावणे हा जुगार आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैशांचे व्यवहार हाताळणे यांवर बंदी आणली आहे. घोड्यांच्या शर्यतीचे स्थान निराळे आहे. मुंबई इलाख्यात १९१२ पासून रेसकोर्सना परवाने देणारा कायदा आहे, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या एका प्रकरणात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. ही मुभा रेसकोर्सच्या आवारात परवान्याखाली होणाऱ्या पैजांना आहे. इमारतीखाली उभा राहून फोनवर घोड्यांच्या पैजा घेणाऱ्या बेकायदा बुकीला ती नाही. त्याच्याकडे भाव थोडा चढा मिळतो, कारण तो कर भरत नाही, आणि पैसे बुडाले तर तुम्हाला दाद मागायला कोणतीही जागा उरत नाही.

कराचा विषय लहान आहे, पण आज तोच सर्वांत जड झाला आहे. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर पैजेवर वरून घेतला जातो असे धरले, तर शंभराच्या पैजेला खिशातून १४० रुपये जातात. वरच्या उदाहरणातील २० टक्के वजावट धरली, तर त्या १४० पैकी सरासरी ८० परत येतात. माझ्या उमेदीच्या काळात अभ्यासू माणूस वर्षाअखेरीस थोड्या तोट्यात किंवा बरोबरीत राहू शकत असे. आज हे करगणित पार करणे अभ्यासूलाही जवळजवळ अशक्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याशिवाय, जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर आणि त्यावर उपकर लागतो, एका व्यवहारात १०,००० रुपयांहून अधिक जिंकल्यास तो कापूनच पैसे मिळतात, आणि हरलेल्या पैजांची रक्कम त्यातून वजा करता येत नाही.

म्हणून रेसकोर्सवर कमाईसाठी जाऊ नये, असे मी माझ्या घरच्या मुलांना सांगितले आणि तेच येथेही सांगतो. किती पैसे खर्च करायचे हे घरून निघताना ठरवावे, तेवढेच रोख पाकिटात ठेवावेत आणि ते नाटकाच्या तिकिटासारखे गेलेलेच समजावेत. सर्वांत जास्त नुकसान दिवसाच्या शेवटच्या रेसला होते. दिवसभर हरलेला माणूस तेव्हा वसुलीसाठी दुप्पट-तिप्पट लावतो, आणि खिडकीच्या आत बसून आम्हाला ते त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखू येत असे. हरलेले वसूल करण्यासाठी उधार घेण्याची वेळ आली असेल किंवा घरी आकडे लपवावे लागत असतील, तर प्रकार बदलून उपयोग नाही. अशा वेळी १४४१६ या टेलिमानस दूरध्वनीवर समुपदेशकाशी बोलावे. तेथे मोफत आणि मराठीतही बोलता येते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. डर्बी ही २,४०० मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत; १९४३ पासून ती महालक्ष्मीला धावली जाते. त्या दिवशी गर्दी प्रचंड असते, म्हणून पहिल्या रेसच्या तासभर आधी पोचावे आणि रेसकार्ड विकत घ्यावे. पहिल्या दोन रेसना काहीही लावू नये : घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसपूर्वी त्यांना फिरवतात त्या रिंगणात, फिरताना पाहावेत, फळ्याची बेरीज करावी, आपल्या मनातला घोडा पेन्सिलीने लिहून ठेवावा आणि कोण जिंकले ते पाहावे. तिसऱ्या रेसपासून, लावायचेच असेल तर, टोटच्या खिडकीवर विनचे एक लहान तिकीट घ्यावे. एका रेसला एकच घोडा, एकच प्रकार. डर्बीसाठी वाटल्यास एक क्विनेला. टनाला, ट्रेबल आणि जॅकपॉट त्या दिवशी फक्त कागदावर भरावेत आणि संध्याकाळी डिव्हिडंड पाहून, खरोखर भरले असते तर किती गेले असते वा आले असते, हे तपासावे.

आणि रेस संपली की तिकीट फाडू नये. फोटो फिनिश असेल तर कॅमेऱ्याचा निकाल येईपर्यंत क्रम ठरत नाही. जॉकीने हरकत घेतली तर स्टुअर्ड्स, म्हणजे शर्यतीचे पंच, पहिला घोडा दुसरा करू शकतात. दोन घोडे अगदी बरोबरीत आले तर पूल दोघांत विभागला जातो. आणि तुमचा घोडा धावण्यापूर्वीच मागे घेतला गेला असेल, तर विन-प्लेसच्या तिकिटाचे पैसे टोटवर परत मिळतात. अधिकृत निकाल आणि डिव्हिडंड पडद्यावर येईपर्यंत तिकीट खिशातच राहू द्यावे. प्रत्येक डर्बीच्या संध्याकाळी स्टँडच्या पायऱ्या झाडताना फेकलेल्या तिकिटांत काही जिंकलेली तिकिटे निघत असत, आणि त्यांचे मालक तोपर्यंत महालक्ष्मी स्टेशनवर पोचलेले असत.